एक खेकडा की दोन?

युरोपच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यांवर लांब, बारीक पायांचा एक मोठा खेकडा आढळतो. कोळ्याच्या ठेवणीमुळे त्याला ‘कोळी खेकडा’ म्हणतात. त्याच्या कवचावर आकड्यांसारखे केस असतात. त्यांत तो शेवाळाचे तुकडे अडकवतो आणि खडकांत सहज लपून जातो. अशा या प्राण्याची खरी ओळख पटायला दोन शतके लागली, ती हकिकत वर्गीकरण शिकवणाऱ्यांना उपयोगी पडावी.

सर्वांत मोठ्या खेकड्यांना ॲरिस्टॉटलने ‘माइया’ म्हटले होते. बर्लिनचे धर्मोपदेशक आणि निसर्ग-अभ्यासक हर्ब्स्ट यांनी १७८८ मध्ये या खेकड्याला ‘स्क्विनाडो’ हे जातिनाम दिले. १८०१ मध्ये लामार्क यांनी ‘माया’ ही प्रजाती स्थापन केली आणि ‘माया स्क्विनाडो’ हे नाव रूढ झाले. ब्रिटनपासून सेनेगलपर्यंतचा अटलांटिक किनारा आणि संपूर्ण भूमध्य समुद्र, एवढ्या विस्तारातील खेकडे या एकाच नावाखाली नोंदले जाऊ लागले.

१९२२ मध्ये बाल्स यांनी अटलांटिकमधील खेकड्यांना ‘ब्रॅकिडॅक्टायला’, म्हणजे आखूड बोटांचा, असे नाव दिले. पण केवळ एक उपप्रकार म्हणून. फरक दिसत असूनही वेगळी जाती मानण्याचे धाडस का झाले नाही? एक अडचण अशी, की या खेकड्याचे रूप वयानुसार बदलते. प्रौढ होताना तो शेवटची कात टाकतो आणि त्याच वेळी नराच्या नांग्या एकदम मोठ्या होतात. त्यानंतर वाढ कायमची थांबते. त्यामुळे तुलना करायची तर प्रौढाची प्रौढाशीच करावी लागते.

१९९८ मध्ये नॉयमान यांनी या गटातील खेकड्यांची बाह्य लक्षणे पुन्हा तपासली आणि अटलांटिकमधील खेकडा ही स्वतंत्र जाती असल्याचे मांडले. २००८ मध्ये स्पॅनिश संशोधकांच्या डीएनए-तपासणीने त्याला दुजोरा दिला. खरा ‘स्क्विनाडो’ भूमध्य समुद्रापुरताच उरला.

हा केवळ नावांचा वाद नाही. अटलांटिकमध्ये, विशेषतः फ्रान्सच्या किनाऱ्यावर, हे खेकडे भरपूर सापडतात. भूमध्य समुद्रात मात्र अति मासेमारीमुळे ते काही भागांतून जवळजवळ नाहीसे झाले. दोन्हींची जाती एकच मानली, तर एकीकडची विपुलता दुसरीकडची घट झाकून टाकते. ‘कमी पडले तर अटलांटिकमधून आणून सोडू’ हा उपायही सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्याने एका जातीच्या जागी दुसरीच जाती येईल.

विद्यार्थ्यांना लॅटिन नावे घोकण्याची कटकट वाटते. त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी. ज्या जीवाला स्वतंत्र नाव नाही, त्याची संख्या कोणी मोजत नाही. आणि मोजली नाही, तर तो संपत आल्याचेही कोणाला कळत नाही.