ती रडली नाही, म्हणून...



आपल्या राजूरला कोळशाची खाण आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत, भोवती कापसाची शेती आहे. घरावर अचानक संकट कोसळणं म्हणजे काय, हे इथल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. अशा घरी बाई हंबरडा फोडून रडली, तर सगळ्या जणी तिला सावरतात. पण ती नुसती गप्प बसून राहिली, तर मागे कुजबुज सुरू होते, "पाहिलं का, डोळ्यात टिपूस नाही!"

आज मला या न रडणाऱ्या बाईबद्दल बोलायचं आहे. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ जगाला समजावून सांगण्यात एका परिचारिकेचा मोठा वाटा आहे. आपण जिला सिस्टर म्हणतो ना, तशाच एकीचा.

गोष्ट आपल्या शेजारून सुरू करू. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. १९७२ साली गडचिरोलीचा भागही त्यातच होता. तिथल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देश त्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिनं आरडाओरडा केल्याचं न्यायालयाला पटलं नाही. म्हणजे तिथेही तोच प्रश्न: ओरडली नाही, झगडली नाही, मग कसला अत्याचार?

आता त्याच वर्षी, जुलै १९७२ मध्ये, दूर अमेरिकेतल्या बोस्टन शहरात काय चाललं होतं ते ऐका. ॲन बर्जेस नावाची एक परिचारिका तिथल्या कॉलेजात मानसिक आरोग्य शुश्रूषा शिकवत होती. तिनं समाजशास्त्राच्या प्राध्यापिका लिंडा होमस्ट्रॉम यांच्यासोबत एक काम हाती घेतलं. सरकारी दवाखान्यात अत्याचारानंतर कुणी आली की दवाखान्यानं फोन करायचा, मग रात्र असो की दिवस, या दोघींनी जायचं. वर्षभरात त्या १४६ जणींशी बोलल्या, आणि नंतरही त्यांची विचारपूस करत राहिल्या.

१९७४ मध्ये त्यांचा लेख छापून आला. त्यात एक गोष्ट होती, जी आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावी. काही बाया रडत होत्या, थरथरत होत्या. पण जवळपास तितक्याच बाया शांत होत्या, चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. दुःख दोघींचं सारखंच होतं, फक्त दाखवण्याची तऱ्हा वेगळी. मनात सर्वांत मोठी भावना होती ती जिवाच्या भीतीची. पुढे झोप उडणं, भयंकर स्वप्नं, घर बदलावंसं वाटणं, स्वतःलाच दोष देणं, हे कितीतरी दिवस चाललं. या त्रासाला त्यांनी नाव दिलं आणि तो अभ्यासाचा विषय झाला.

परिचारिकेनं संशोधन करायचं, हेच त्या काळी अनेकांना रुचत नव्हतं. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या हिल्डगार्ड पेपलाव यांचंच पाहा. त्यांचे वडील रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचं काम करत. पेपलाव परिचारिका झाल्या, शिकत शिकत प्राध्यापिका झाल्या. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच औषधासारखं काम करतं, असं सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. ते १९४८ मध्ये तयार होतं, पण छापलं गेलं १९५२ मध्ये. सोबत डॉक्टरचं नाव नाही, नुसत्या परिचारिकेचं पुस्तक कसं छापायचं, अशी अडचण होती!

आपल्याकडे नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. तिथे फार काळ राखणदारीवरच भर होता. १९५४ मध्ये बंगळूरला मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था सुरू झाली, तिथे परिचारिकांनाही हा विषय शिकवला जाऊ लागला. पुढे १९६५ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगला आणि १९८६ मध्ये जी.एन.एम.लाही तो सक्तीचा झाला.

आणि कायदा? मथुरा प्रकरणाच्या निकालावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. भीतीनं मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. ठिकठिकाणच्या बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. आणि २०१३ मध्ये तर स्पष्टच लिहिलं गेलं की बाईनं अंगबळानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. बोस्टनच्या दवाखान्यात जे दिसलं, ते आपल्या कायद्यात यायला चाळीस वर्षं लागली.

दवाखानेही हळूहळू बदलले. २००० साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिकेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला दवाखान्यातच आधार मिळावा म्हणून. तिथे परिचारिकांना शिकवलं गेलं की "पडले" म्हणून हात मोडून आलेल्या बाईला पडदा ओढून, एकटीला, हळू आवाजात विचारायचं. दरडावायचं नाही. "तुला झालंय तरी काय?" असा ठपका ठेवायचा नाही, तर "तुझ्यावर काय ओढवलं?" असं विचारायचं. हीच आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा.

आपल्या गावातली एखादी पोर नर्सिंगला जाते म्हटलं की लोक म्हणतात, "सुई टोचायला शिकणार." तिला सांगा, पुढे एम.एस्सी. करता येतं, पीएच.डी. करता येते, शिकवता येतं. ऐकणं हासुद्धा अभ्यास आहे, आणि त्या अभ्यासानं कायद्याला जे दिसत नव्हतं ते दाखवलं.

आणि आपण काय करायचं? पुढच्या वेळी कुणाच्या ओट्यावर न रडणारी बाई दिसली, तर कुजबुजू नका. जवळ बसा. पाणी द्या. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तरी बसून राहा. मन फारच घाबरं झालं, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. तो चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.