संख्या वाढली कीं रूप पालटतें



चाळीस मुलांच्या वर्गांत साठ मुलें बसविलीं, तर वर्ग तोच राहतो, केवळ दाटी होते, असा आपला समज असतो. विद्यापीठांविषयींहि जगांत दीर्घ काळ हाच समज होता. तो चुकीचा आहे, असें ज्यांनीं ठामपणें मांडलें, त्या मार्टिन ट्रो नांवाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांविषयीं मी आज बोलणार आहें.

ट्रो यांचा जन्म १९२६ सालचा. पहिली पदवी त्यांनीं यंत्रविद्येची घेतली, कांहीं काळ एंजिनियर म्हणून नोकरीहि केली. पुढें ते समाजशास्त्राकडे वळले व १९५६ सालीं कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झाले. त्याच वर्षीं लिप्सेट व कोलमन यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा ग्रंथ निघाला. त्याचा विषय छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या कामगारांची संघटना. तेथून हा गृहस्थ विद्यापीठांच्या अभ्यासाकडे आला, याचें मला नवल वाटत नाहीं. संस्था आंतून कशी चालते, हाच दोहोंकडे प्रश्न होता.

१९५७ सालीं ते कॅलिफोर्नियांत बर्कले येथें आले. या प्रश्नाच्या अभ्यासास याहून योग्य स्थळ मिळालें नसतें. तेथील १९६० च्या योजनेनें विद्यार्थ्यांच्या तीन वाटा आंखून दिल्या होत्या: वरच्या शेंकडा साडेबारा विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयें, आणि शिकूं इच्छिणाऱ्या सर्वांना दोन वर्षांचीं कॉलेजें. चारच वर्षांनीं, १९६४ सालीं, त्याच बर्कलेंत भाषणस्वातंत्र्यासाठीं विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी राहिली.

१९७३ सालीं ट्रो यांनीं आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें: योग्य वयाच्या तरुणांपैकीं शेंकडा १५ पर्यंत उच्च शिक्षण घेत असतील, तोंवर विद्यापीठ आपलें जुनें रूप राखूं शकतें. तेथें जाणें हा मूठभरांचा मान असतो. पुढें शेंकडा ५० पर्यंत तो हक्क ठरतो. आणि पन्नाशी ओलांडली कीं तेथें न जाणें हेंच उणें वाटूं लागतें. या प्रत्येक पायरीवर केवळ इमारती वाढत नाहींत. अभ्यासक्रम, गुरुशिष्यांचा संबंध, परीक्षेची कसोटी, कारभार, सारेंच बदलतें. हे आंकडे म्हणजे गणिती रेषा नव्हत, अनुभवावरून घेतलेला अदमास होय. मात्र लोकांनीं त्यांना नियमच करून टाकलें!

मी स्वतः मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. पण जन्मभर मुलांना त्या दारापर्यंत पोंचविलें, म्हणून हा विचार मला परका वाटत नाहीं. पूर्वीं पालक विचारीत, "गुरुजी, मुलाला कॉलेजांत घालावें काय?" पुढें पुढें तेच विचारूं लागले, "कोणत्या कॉलेजांत घालावें?" एवढ्याशा फरकांत मानाचा हक्क झालेला दिसतो. आपल्या देशांत २०१०-११ सालीं हें प्रमाण शेंकडा १९ च्या आसपास होतें, २०२१-२२ सालीं शेंकडा २८.४ झालें. मोजण्याच्या रीतींत थोडा भेद असेल. परंतु ट्रो यांची पहिली रेषा आपण ओलांडली आहे, यांत शंका नाहीं. तरीहि मूठभरांसाठीं आंखलेली परीक्षेची व व्याख्यानांची चाकोरी आपण अजून तशीच चालवितों, आणि मग दर्जा घसरला म्हणून हळहळतों.

ट्रो यांच्यावर आक्षेप आला तो असा कीं, त्यांनीं अमेरिकेचा आरसा साऱ्या युरोपपुढें धरला. तो अगदींच निराधार नव्हता. संख्या फुगली तरी युरोपांतील कित्येक देशांच्या संस्था जुन्याच चौकटींत राहिल्या, हें २००५ सालीं त्यांनीं स्वतःच नमूद केलें. दुसरें असें कीं, एक पायरी आली म्हणजे आधींची नाहींशी होते, असें ते कधींच म्हणाले नव्हते. मोठ्या व्यवस्थेच्या पोटांत लहान, निवडक संस्था टिकतात, टिकाव्यातहि, असें त्यांचें मत होतें. हा भाग वाचक बहुधा विसरतात.

१९७६ ते १९८८ पर्यंत ते बर्कलेच्या उच्चशिक्षण अभ्यासकेंद्राचे संचालक होते. इंग्लंडांतील प्राध्यापकवर्गावर हॅल्से यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७१ सालीं प्रसिद्ध झाला होता. १९९४ च्या सुमारास त्याच इंग्लंडवर त्यांनीं कडक टीका केली: तेथील सरकारचा विद्यापीठांवरील विश्वास उडाला असून त्याची जागा तपासणीनें आणि हिशेबानें घेतली आहे, असें त्यांनीं दाखविलें. २००७ सालीं ते वारले. तीच तक्रार आपल्याकडील प्राध्यापकांच्या तोंडून ऐकूं येते. बहुतेकांना ट्रो यांचें नांवहि ठाऊक नसतें.