शेळीचं दूध आणि मोडलेला नेम

मागच्या महिन्यात माझ्या रिपोर्टमध्ये साखर बॉर्डरवर आली. त्याच दिवशी ठरवलं, आता हेल्दी खायचं. अकराव्या दिवशी रात्री दीड वाजता रिलीज अडकलं, टीममध्ये कोणीतरी पिझ्झा मागवला आणि विषय संपला. एकदा मोडलंच म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वडापावही झाला. म्हणून आज अशा माणसाची गोष्ट, ज्याने आयुष्यभर स्वतःच्या ताटावर प्रयोग केले. मोहनदास गांधी.

साल १८८८. अठरा वर्षांचा मोहनदास बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाला. मांस, दारू आणि स्त्रीसंग यांपासून लांब राहीन, असं आईला वचन दिलेलं. लंडनमध्ये सुरुवातीला पोरगं अर्धपोटीच राहायचं. भाज्या बेचव, आणि मित्र म्हणायचा, असल्या वचनाला काय अर्थ आहे? रोज मैलोन्‌मैल पायपीट करताना एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं. इंग्लंडमधलं पहिलं पोटभर जेवण तिथं झालं. हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तकही तिथंच मिळालं. पुढे ते लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीवर गेले. वचन त्यांनी आधीही पाळलंच होतं, पण जेवायला जागा आणि सोबत मिळाल्यावर त्याचं ओझं उरलं नाही.

१९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, त्यांनी मित्र कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. कलकत्त्यात गाई-म्हशींचे दुधासाठी किती हाल होतात, हे वाचनात आलं होतं. १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात आणखी एक नेम केला: चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काहीच नाही. बघा, 'कमी खाईन' असं मोघम काही नाही. उत्तर हो किंवा नाही, एवढंच. आम्ही कोडमध्ये कंडिशन लिहितो ना, अगदी तसं.

मग १९१८ साल. खेडा जिल्ह्यात फिरताना गांधीजी आजारी पडले. सणाचा दिवस होता. आज जेवणार नाही, असं कस्तुरबांना सांगूनही त्यांनी केलेली गोड लापशी आणि मूग पोटभर खाल्ले, आणि तासाभरात आमांशाने गाठलं. मरणाच्या दारातून परत आले, पण अंगात ताकद येईना. मुंबईत डॉ. दलाल म्हणाले, दुधाशिवाय तब्येत सुधारणार नाही. गांधीजींनी नेमाचं कारण सांगितलं, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: नेम गाई-म्हशीच्या दुधाचा ना, मग शेळीचं चालेल की! रौलट कायद्याविरुद्ध लढायचं तर जगायला हवं होतं. ते शेळीचं दूध प्यायले.

मला खरा धडा यापुढे मिळाला. 'पळवाट निघाली, बरं झालं' म्हणून ते मोकळे झाले नाहीत. आत्मकथेत त्यांनी सरळ कबूल केलं की नेमाचे शब्द पाळले गेले, पण त्याचा आत्मा मोडला. ही खंत त्यांना राहिली. तरी एक नेम वाकला म्हणून त्यांनी बाकीचे सोडून दिले नाहीत. हरिद्वारचा नेम पुढेही चालूच राहिला.

माझं उलटं झालं होतं. माझा नेम मोघम होता, आणि मोडला तेव्हा मी सगळंच सोडलं. आता नियम एकच आहे: रात्री नऊनंतर काही खायचं नाही. ऑफिसातला एक मित्रही सोबत आहे. गेल्या मंगळवारी पुन्हा चुकलो. वहीत लिहून ठेवलं आणि बुधवारी डबा घेऊन निघालो.

तुमचा नेम कुठला? कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!