पान गळतं तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ''हिचं शरीर स्वतःशीच लढतंय.'' मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्या वाक्यानं माझी झोप उडवली. शरीर स्वतःशी का लढेल? उत्तर शोधत मी वाचू लागलो.

१८८२ साली इटलीतल्या मेसिना इथं एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेलेली आणि हा सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच. त्यानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो फिरत्या पेशींनी काट्यांना वेढा घातलेला! १९०८ साली नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला.

भक्षक पेशी शत्रूला गिळतात, हे जगाला कळलं. पण घरातले मेलेलेही त्याच उचलतात, याकडे बराच काळ फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कारण तिथं ना सूज, ना ताप. पेशी आक्रसते, तिची बारीक गाठोडी होतात आणि शेजारणी ती निमूट गिळून टाकतात.

१९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या मरणाला नाव दिलं: अ‍ॅपॉप्टोसिस. शब्द सुचवला ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. अर्थ, पान गळणं. शास्त्रज्ञांनाही शब्दासाठी भाषेच्या माणसाचं दार ठोठावावं लागलं, याचं मला अप्रूप वाटतं.

पण मरणारी पेशी ओळखायची कशी? १९९२ मध्ये व्हॅलेरी फॅडॉक आणि सहकाऱ्यांनी एक खूण दाखवली. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ निरोगी पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवते. मरताना तो बाहेर येतो. जणू ती सांगते, 'माझी वेळ झाली, मला न्या.'

नेण्यात हयगय झाली तर पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि शरीर आपल्याच वस्तूला परकं समजून शस्त्र उचलतं. ल्युपसमागं हेही एक कारण असावं, असं संशोधक मानतात.

हे मी बहिणीला सांगितलं. ती अंगणातला बदामाचा पाला झाडत होती. क्षणभर थांबून म्हणाली, ''म्हणजे भाई, माझ्यात झाडणारे कमी पडले म्हणायचे!''

आणि पुन्हा झाडू लागली. मी सुपली आणायला उठलो.