आसन्न मूळ
भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (सन ११५०) ग्रंथांत एक उदाहरण आहे: काटकोन त्रिकोणाचे भुज व कोटि दोन्ही सव्वातीन, कर्ण किती? कर्णाचा वर्ग १६९/८ येतो, पण त्याचें पूर्ण मूळ निघत नाहीं. आचार्यांनीं ४ पूर्णांक ४७७/८०० हें उत्तर काढलें, आणि त्यास 'आसन्न', म्हणजे जवळचें, मूळ म्हटलें. त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. आज नांदेड-लातूरच्या शाळेंतील मुलानें हाच कर्ण कंपासांत धरून शून्यापासून चाप काढला, तर तो संख्यारेषेस चार व पांच यांमध्यें एका निश्चित बिंदूंत छेदील. आंकडा जवळ येऊन थांबतो. लांबी मात्र अचूक मिळते. हा भेद न सांगतां दशांश घोकविणें म्हणजे आसन्नासच सत्य ठरविणें होय.