महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील उंच खेळाडूंची जडणघडण

अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या बास्केटबॉल संघांत असाधारण उंचीच्या खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणाचा विचार 'उंच खेळाडूंची जडणघडण' या विषयात केला जातो. बास्केटजवळ खेळणाऱ्या अशा खेळाडूंना 'बिग मॅन' असे संबोधले जाते. यांत प्रामुख्याने 'सेंटर' व 'पॉवर फॉरवर्ड' या जागांवरील खेळाडूंचा समावेश होतो.

उंची उपजत असली तरी तिचा खेळात उपयोग करण्याची कला शिकावी लागते. झपाट्याने उंची वाढलेल्या मुलांचा तोल आणि हातापायांचा मेळ पुष्कळदा उशिरा जुळून येतो. अनेक उंच मुले हा खेळ मुळातच उशिरा सुरू करतात. त्यामुळे उंच खेळाडू घडण्यास सहसा इतरांपेक्षा अधिक काळ लागतो. हा काळ मिळण्याचे प्रमुख ठिकाण म्हणजे महाविद्यालय होय. तो किती मिळावा, हे मात्र प्रशिक्षकांबरोबरच स्पर्धेच्या आणि व्यावसायिक संघटनांच्या नियमांवरही अवलंबून राहिले आहे.

भूमिका

बास्केटबॉलमध्ये रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. तिच्याजवळ मारलेली फेक यशस्वी होण्याचा संभव सर्वाधिक असल्याने त्या परिसरावर ताबा ठेवणे हे उंच खेळाडूचे मुख्य काम असते. फसलेल्या फेकीनंतर उसळणारा चेंडू मिळवणे (रिबाउंड), प्रतिस्पर्ध्याची फेक अडवणे (ब्लॉक), सहकाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून बचावपटूच्या वाटेत उभे राहणे (स्क्रीन) आणि बास्केटकडे पाठ करून चेंडू स्वीकारून गुण मिळवणे, ही त्याची पारंपरिक कामे आहेत.

इतिहास

मायकन आणि कुरलँड

१९४० च्या दशकापूर्वी फार उंच मुले बास्केटबॉलसाठी बोजड ठरतात, असा समज रूढ होता. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात १९४२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या रे मेयर यांनी २.०८ मीटर उंचीच्या, चष्मा लावणाऱ्या जॉर्ज मायकन या विद्यार्थ्यावर घेतलेल्या मेहनतीने या समजाला धक्का बसला. नोत्र दाम विद्यापीठाने मायकनला त्यापूर्वी नाकारले होते. मेयर यांनी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्धाचा सराव आणि नृत्याचे धडे असा पायांत चपळाई आणणारा कार्यक्रम करून घेतला. बास्केटखाली उभे राहून एकदा उजव्या व एकदा डाव्या हाताने, चेंडू जमिनीला लागू न देता सलग फेका मारण्याचा सराव आजही 'मायकन ड्रिल' या नावाने जगभर शिकवला जातो. डीपॉलने १९४५ मध्ये राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा (एनआयटी) जिंकली; त्या स्पर्धेतील एका सामन्यात मायकनने ५३ गुण मिळवले.

त्याच काळात ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयात हेन्री आयबा यांच्या मार्गदर्शनाखाली २.१३ मीटर उंचीचा बॉब कुरलँड तयार झाला. त्याच्या संघाने १९४५ आणि १९४६ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे (एनसीएए) विजेतेपद पटकावले. रिंगकडे खाली येणारा चेंडू बचावपटूने अडवण्यास (गोलटेंडिंग) १९४४ मध्ये बंदी आली, ती मुख्यतः या दोघांसारख्या खेळाडूंमुळे. केवळ उंच हात वर धरून उभे राहणे त्यानंतर पुरेसे राहिले नाही.

रसेल ते अल्सिंडॉर

ओकलँडमधील शाळेत असताना बिल रसेल हा सामान्य खेळाडू मानला जात असे आणि सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाखेरीज कोणीही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तेथे त्याचा खोलीतील सोबती व सहखेळाडू के. सी. जोन्स याच्यासह तो चेंडूच्या उसळीचे कोन आणि बचावाच्या जागा यांवर तासन्‌तास चर्चा करीत असे. फिल वूलपर्ट यांच्या प्रशिक्षणाखाली या संघाने १९५५ व १९५६ मध्ये विजेतेपद मिळवले. प्रतिस्पर्ध्याची फेक अडवून चेंडू शक्यतो मैदानाबाहेर न घालवता सहकाऱ्याच्या हाती पडेल असा टोलवणे, हे रसेलच्या बचावाचे वैशिष्ट्य होते. १९५६-५७ च्या हंगामापासून महाविद्यालयीन मैदानावरील बास्केटपुढील पट्टा १.८३ मीटरवरून ३.६६ मीटर रुंद करण्यात आला. या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबता येत नसल्याने त्याला बास्केटपासून दूर उभे राहणे भाग पडले.

पीट न्यूवेल यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठ संघाने १९५९ च्या अंतिम सामन्यात वेस्ट व्हर्जिनियाचा ७१-७० असा पराभव केला. त्यात शेवटच्या क्षणी निर्णायक गुण मिळवणारा सेंटर डॅरल इमहॉफ न्यूवेल यांच्याच हाताखाली घडला होता.

१९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात दाखल झालेला लू अल्सिंडॉर (नंतरचे नाव करीम अब्दुल-जब्बार) हा २.१८ मीटर उंचीचा खेळाडू शाळेपासूनच नामांकित होता. तथापि तत्कालीन नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. पुढील तीन वर्षांत, १९६७ ते १९६९, जॉन वूडन यांच्या या संघाने प्रतिवर्षी विजेतेपद मिळवले. १९६७-६८ च्या हंगामापासून चेंडू वरून रिंगमध्ये दाबण्यास (डंक) बंदी घालण्यात आली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. हात पूर्ण उंचावून एका हाताने चेंडू वळवून टाकण्याची त्याची 'स्कायहूक' ही फेक या बंदीच्या काळात अधिक घोटली गेली. बालपणी मायकन ड्रिलवर हात बसवलेल्या या खेळाडूने पुढे तीच फेक व्यावसायिक खेळात २० वर्षे वापरली.

न्यूवेल यांचे शिबिर

व्यावसायिक खेळाडू करमिट वॉशिंग्टन याने १९७६ मध्ये न्यूवेल यांच्याकडे वैयक्तिक मार्गदर्शनाची विनंती केली. त्यातून उंच खेळाडूंसाठी प्रसिद्ध असे उन्हाळी शिबिर आकारास आले. महाविद्यालयीन व व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारचे खेळाडू तेथे येत. न्यूवेल यांचा सर्वाधिक भर पदन्यासावर असे.

प्रशिक्षणाची अंगे

पदन्यास : चेंडू हाती असताना एक पाय स्थिर ठेवून दुसऱ्या पायाने दिशा बदलणे (पिव्हॉट) हा उंच खेळाडूचा पहिला धडा असतो. स्थिर पाय चुकीने हलल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. बचावपटू पाठीला एका बाजूने भिडला असेल, तर दुसऱ्या बाजूचा पाय मागे टाकून एका वळणात बास्केटसमोर येण्याच्या हालचालीस 'ड्रॉप स्टेप' म्हणतात.

हातांची तयारी : दोन्ही हातांनी समान सहजतेने फेक मारणे, हूक शॉट आणि फ्री थ्रो यांचा सराव यात येतो. रिबाउंड मिळाल्यावर चेंडू हनुवटीच्या वरच ठेवण्यास शिकवले जाते. तो कमरेपर्यंत खाली आणला की बुटके प्रतिस्पर्धी सहज हिरावून घेतात आणि उंचीचा लाभ तेथेच संपतो.

बचाव : महाविद्यालयीन खेळात पाच फाउल होताच खेळाडूला बाहेर जावे लागते. नवखा उंच खेळाडू प्रत्येक हुलकावणीला उडी मारतो आणि फाउल ओढवून घेतो. म्हणून हात सरळ वर ठेवून जागेवर राहणे आणि प्रतिस्पर्ध्याने उडी मारल्यानंतरच उडी मारणे, हा संयम अंगी बाणवावा लागतो.

शरीरबल : बास्केटजवळची जागा टिकवण्यासाठी पाय, कंबर व पाठ यांचे बळ आवश्यक असते. मात्र वजन वाढवताना सांधे आणि पावलांची हाडे यांवरील भार मर्यादेत ठेवणे, हे प्रशिक्षकांपुढील अवघड काम असते.

दृष्टी आणि पास : प्रभावी सेंटरवर दोन बचावपटू धावून येतात. त्या वेळी मोकळा सहकारी हेरून त्याला चेंडू देणे हे स्वतः गुण मिळवण्याइतकेच मोलाचे ठरते.

महाविद्यालयीन खेळात १९८६-८७ पासून तीन गुणांची रेषा सर्वत्र लागू झाली. त्यानंतर दुरून फेक मारणे आणि बास्केटपासून दूर असलेल्या चपळ प्रतिस्पर्ध्याला थोपवणे, ही कौशल्येही उंच खेळाडूंकडून क्रमाने अपेक्षिली जाऊ लागली.

उल्लेखनीय उदाहरणे

जॉर्जटाउन विद्यापीठ : प्रशिक्षक जॉन थॉम्पसन स्वतः बॉस्टन सेल्टिक्स संघात रसेलचे राखीव सेंटर होते. त्यांच्या काळात पॅट्रिक युइंग, डिकेम्बे मुटोम्बो आणि अलोन्झो मोर्निंग हे तीन नामांकित सेंटर जॉर्जटाउनमध्ये तयार झाले. जमैकात जन्मलेल्या युइंगच्या चार वर्षांत संघ तीनदा अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९८४ मध्ये विजेता ठरला. काँगोमधून (तत्कालीन झैरे) आलेला मुटोम्बो वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने शिष्यवृत्तीवर १९८७ मध्ये दाखल झाला होता. पहिले वर्ष तो संघातून खेळला नाही आणि त्याला इंग्रजीही शिकावी लागली. १९९१ च्या व्यावसायिक निवडीत (ड्राफ्ट) त्याला चौथे स्थान मिळाले.

हकीम ओलाजुवॉन : नायजेरियातील लागोस येथे हँडबॉल व फुटबॉल खेळलेला ओलाजुवॉन १९८० मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात आला, तेव्हा बास्केटबॉलशी त्याचा परिचय अल्प होता. पहिला हंगाम त्याला स्पर्धेपासून दूर ठेवून केवळ सराव देण्यात आला. अशा वर्षाला 'रेडशर्ट' वर्ष म्हणतात. उन्हाळ्यात शहरातील फोंडी केंद्रात तो व्यावसायिक सेंटर मोझेस मलोन याच्याविरुद्ध खेळत असे. १९८४ च्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

टिम डंकन : अमेरिकन व्हर्जिन बेटांवरील सेंट क्रॉय येथील हा जलतरणपटू, १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात सरावाचा तलाव नष्ट झाल्यानंतर बास्केटबॉलकडे वळला. आईला दिलेल्या वचनानुसार त्याने वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षे पूर्ण करून मानसशास्त्राची पदवी घेतली. त्याची गुणांची सरासरी पहिल्या वर्षी ९.८ होती, ती चौथ्या वर्षी २०.८ झाली.

फ्रँक कमिन्स्की : विस्कॉन्सिन विद्यापीठात पहिल्या वर्षी अवघी १.८ गुणांची सरासरी असलेला हा खेळाडू २०१५ मध्ये, चौथ्या वर्षी, देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला.

झॅक ईडी : टोरंटो येथील २.२४ मीटर उंचीचा ईडी शालेय वयात आइस हॉकी व बेसबॉल खेळत असे. पर्ड्यू विद्यापीठात त्याची गुणांची सरासरी चार वर्षांत अनुक्रमे ८.७, १४.४, २२.३ आणि २५.२ अशी वाढत गेली. २०२३ च्या स्पर्धेत पर्ड्यूला पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या संघाने हरवले. ईडी आणखी एक वर्ष थांबला आणि २०२४ मध्ये पर्ड्यू अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. दोन्ही वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवला गेला.

नियम आणि उपलब्ध काळ

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा १९७२-७३ पासून मिळाली. १९९० च्या दशकात काही गुणवान उंच खेळाडू शाळेतूनच थेट राष्ट्रीय बास्केटबॉल असोसिएशनमध्ये (एनबीए) जाऊ लागले. केव्हिन गार्नेट (१९९५) हे त्याचे ठळक उदाहरण होय. २००६ च्या निवडीपासून एनबीएने १९ वर्षे वयाची व शालेय शिक्षणानंतर एक वर्ष उलटण्याची अट घातली. परिणामी अनेक नामांकित खेळाडू महाविद्यालयात एकच वर्ष राहू लागले.

२००७ च्या अंतिम सामन्यात या दोन्ही वाटा समोरासमोर आल्या. ओहायो स्टेटचा प्रथम वर्षाचा सेंटर ग्रेग ओडेन याने त्या सामन्यात २५ गुण मिळवले. तथापि विजय फ्लोरिडा विद्यापीठाचा झाला. आदल्या वर्षी विजेतेपद मिळवूनही फ्लोरिडाचे जोकिम नोआ आणि अल हॉरफर्ड हे दोन उंच खेळाडू व्यावसायिक खेळाकडे न वळता तिसऱ्या वर्षासाठी परतले होते.

२०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा आर्थिक मोबदला घेता येऊ लागला आणि एका महाविद्यालयातून दुसरीकडे जाणेही सुलभ झाले. मोबदल्यामुळे काही उंच खेळाडू अधिक वर्षे महाविद्यालयात राहू लागले. दुसरीकडे, राखीव खेळाडूवर दोन-तीन वर्षे मेहनत घेतल्यानंतर तो अन्य संघात जाण्याची शक्यताही वाढली. हंगामात संघाच्या सक्तीच्या सरावासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे.

मर्यादा आणि टीका

संघाची गरज आणि खेळाडूचे हित यांत नेहमीच मेळ असतो असे नाही. तात्काळ विजय हवा असलेल्या संघात उंच खेळाडूला केवळ स्क्रीन, रिबाउंड आणि ब्लॉक या कामांपुरते मर्यादित ठेवले जाते. त्याची अन्य कौशल्ये अविकसित राहतात, अशी टीका होते. याउलट व्यावसायिक खेळात मोल आहे म्हणून बास्केटजवळचा खेळ पक्का होण्याआधीच दुरून फेका मारण्यावर भर दिला जातो, असाही आक्षेप घेतला जातो.

दुखापती हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग आहे. केंटकी विद्यापीठाचा सॅम बोवी पायाच्या नडगीच्या हाडाला गेलेल्या तड्यामुळे सलग दोन हंगाम (१९८१-८३) खेळू शकला नाही. व्यावसायिक कारकिर्दीतही त्याला पुनःपुन्हा अस्थिभंगांना सामोरे जावे लागले. ओडेनची कारकीर्दही गुडघ्यांच्या दुखापतींमुळे अल्पकाळात संपली.

महिला बास्केटबॉल

महिलांच्या राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेचे (डब्ल्यूएनबीए) वयाचे निकष अधिक कडक असल्याने अमेरिकेतील बहुतेक उंच महिला खेळाडू महाविद्यालयात चार वर्षे पूर्ण करतात. बेलर विद्यापीठाची ब्रिटनी ग्राइनर (२०१२ मध्ये ४० सामन्यांत अपराजित राहिलेल्या विजेत्या संघाची सेंटर) आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठाची आलिया बॉस्टन (२०२२ ची विजेती) ही त्याची उदाहरणे होत.

भारतीय संदर्भ

भारतीय वंशाचा कॅनेडियन खेळाडू सिम भुल्लर (उंची २.२६ मीटर) न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या संघात दोन वर्षे खेळला. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघातून खेळून तो एनबीएच्या सामन्यात उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. पंजाबमधील सतनाम सिंग (उंची २.१८ मीटर) फ्लोरिडातील एका क्रीडा प्रबोधिनीतून, महाविद्यालयीन बास्केटबॉल न खेळता, २०१५ च्या निवडीत उतरला. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीए संघाने निवडलेला तो पहिला भारतीय खेळाडू होय. परंतु प्रत्यक्ष एनबीए सामन्यात खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही.