ताणा, बाणा आणि चित्रबिंदू : खेळाच्या संगणकाची निवड

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बारडोलीच्या अलीकडे, चलथाण नावाचे स्थानक लागते. पलसाणा तालुक्यातील हे गाव बाहेरच्या जगाला परिचित आहे ते उसाच्या मळ्यांमुळे आणि सहकारी साखर कारखान्यामुळे. परंतु सुरतेचा वस्त्रोद्योग वाढत वाढत शहराच्या वेशी ओलांडून कडोदरा आणि पलसाणा या बाजूस येऊन पोहोचला, आणि उसाच्या या मुलखात मागांचा खडखडाटही ऐकू येऊ लागला. याच लोहमार्गाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या भागांतील सहस्रावधी मराठी कुटुंबे सुरतेच्या मागांवर कामास आली आणि त्या परिसरात स्थिरावली. ज्या पिढीने धोटा धावताना पाहिला, तिची नातवंडे आज घरात एका निराळ्याच यंत्राची मागणी करीत आहेत. हे यंत्र म्हणजे सूक्ष्म व रेखीव चित्रांचे खेळ खेळण्यासाठी लागणारा मेजावरचा संगणक.

वडीलधाऱ्यांना ही मागणी निव्वळ हौसेची वाटते, आणि काही अंशी ती तशी आहेही. तथापि जेथे घरखर्चाची जुळवाजुळव महिन्याच्या महिन्याला करावी लागते, तेथे हा व्यवहार लहान म्हणता येणार नाही. सर्वांत वरच्या प्रतीचे, केवळ चित्र काढणारे एक कार्डच लाखाच्या पलीकडे जाते. चुकीची निवड झाली तर पैसा जातो, मुलाचा हिरमोड होतो, आणि घरात कायमची एक तक्रार शिल्लक राहते. म्हणून या यंत्राचा इतिहास थोडा समजून घेणे इष्ट ठरेल. मौजेची गोष्ट अशी, की या इतिहासाचा पहिला अध्याय मागावरच विणला गेलेला आहे.

फ्रान्समधील लियों हे शहर रेशमी वस्त्रांसाठी विख्यात होते. तेथे नक्षीचे कापड विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, हवे तेवढेच उचलण्यासाठी विणकराच्या जोडीला दुसरा माणूस लागत असे. जोसेफ मारी जाकार याने आपल्या पूर्वसूरींच्या कल्पना एकत्र करून १८०४ साली असा माग सिद्ध केला, की ज्यात हे काम छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे करू लागली. छिद्र असेल तेथे आकडा वर जातो व धागा उचलला जातो; छिद्र नसेल तेथे तो खाली राहतो. बाण्याच्या प्रत्येक फेकीस एक कार्ड, असा हा हिशेब होता. ‘आहे’ किंवा ‘नाही’ या दोनच शब्दांत सारी नक्षी लिहिली गेली, आणि संगणकाची भाषाही पुढे हीच झाली.

या मागावर १८३९ साली जाकारचे एक चित्र रेशमात विणण्यात आले. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. ते इतके सूक्ष्म होते, की पाहणाऱ्यांना ते कोरीव ठशावरून छापलेले चित्र वाटे. इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज याने त्याची एक प्रत मिळवली होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीही त्याने अशाच कार्डांची योजना केली होती. पुढे अमेरिकेत हर्मन होलेरिथ याने १८९० च्या जनगणनेची मोजदाद छिद्रित कार्डांवर केली. त्याच्या उद्योगातूनच कालांतराने आयबीएम ही कंपनी उदयास आली. अशा रीतीने माग आणि संगणक यांचे नाते थेट रक्ताचे आहे.

या नात्यातून एक गोष्ट विणकराच्या घरात तत्काळ पटावी अशी आहे. कापडावरची नक्षी म्हणजे ताणा आणि बाणा यांच्या छेदबिंदूंची मांडणी. पडद्यावरचे चित्रही तसेच उभ्या-आडव्या ओळींतील बिंदूंचे असते. या बिंदूस पिक्सेल अथवा चित्रबिंदू म्हणतात. एका इंचात उभे धागे दुप्पट केले आणि आडवेही दुप्पट केले, तर छेदबिंदू चौपट होतात. चित्राची सूक्ष्मता दुपटीने वाढवू पाहणाऱ्यास चौपट श्रम मोजावे लागतात. खेळाच्या संगणकाचा उत्तरकालीन इतिहास या एका नियमाभोवती फिरत राहिला आहे.

प्रारंभीची यंत्रे आजच्या मानाने अगदी दरिद्री होती. केंब्रिज येथील एड्सॅक या संगणकावर १९५२ साली फुली-गोळ्याचा खेळ मांडण्यात आला, तेव्हा त्याचा पडदा होता ३५ गुणिले १६ बिंदूंचा, म्हणजे एकूण ५६० बिंदूंचा. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम याने १९५८ साली प्रेक्षकांच्या मनोरंजनार्थ ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला. १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनी ‘स्पेसवॉर’ हा अंतराळयुद्धाचा खेळ रचला. तो ज्या यंत्रावर चाले त्याची किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात होती. खेळासाठी कोणी ते विकत घेणे शक्यच नव्हते. विद्येसाठी आणलेल्या यंत्राच्या फावल्या वेळात हा खेळ जन्मास आला.

याच सुमारास मुंबईतही मोठे काम चालले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी स्वतःच्या हातांनी घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. या यंत्राला आलेख व अक्षरे दाखविणारा किरणनळीचा पडदाही जोडलेला होता. गणित मांडणाऱ्या यंत्राने आपले उत्तर चित्ररूपाने दाखवावे, ही कल्पना आपल्याकडेही इतकी जुनी आहे.

घरगुती संगणक आले ते १९८० च्या आगेमागे. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीच्या ‘स्पेक्ट्रम’ या १९८२ सालच्या यंत्राचा पडदा २५६ गुणिले १९२ बिंदूंचा होता. भारतातही डेसिबेल्स या कंपनीने परवान्याखाली ते यंत्र बाजारात आणले. स्मृती फार थोडी असल्याने त्याच्या रचनाकारांनी एक युक्ती योजली. प्रत्येक बिंदूस स्वतंत्र रंग न देता आठ गुणिले आठ बिंदूंच्या एका चौकटीस मिळून दोनच रंग दिले. त्यामुळे सारे चित्र सात हजारांहून कमी बाइटांत मावले. खेळाडूंना रंगांची सरमिसळ दिसे, पण त्या यंत्रावर एका पिढीचे बालपण आनंदात गेले. साधन अपुरे असताना डोळ्याचे समाधान कसे करावे, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकावर रंगीत चित्र मिळे ते ३२० गुणिले २०० बिंदूंचे, चार रंगांत. १९८७ साली ६४० गुणिले ४८० चा ‘व्हीजीए’ प्रकार आला. तोवर चित्र काढण्याचा बहुतेक भार मुख्य प्रक्रियकावरच, म्हणजे ‘सीपीयू’वर पडत असे. त्रिमिती खेळ लोकप्रिय झाले तेव्हा तो भार त्याला पेलेना. १९९६ साली ‘व्हूडू’ नावाचे केवळ त्रिमिती चित्रासाठी बनविलेले कार्ड आले, आणि १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने आपले ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड ‘जीपीयू’ या नावाने जाहीर केले. त्यानंतर संगणकात दोन मेंदू नांदू लागले. सीपीयू खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली व हिशेब पाहतो. ग्राफिक्स कार्ड एकेका बिंदूचा रंग ठरविते. जुन्या मागावर विणकर आणि धागे उचलणारा यांच्यात जी श्रमविभागणी होती, तीच येथे पुन्हा अवतरली.

आता आजच्या निवडीकडे वळता येईल. ‘फुल एचडी’ म्हणविणाऱ्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. ‘४के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात, बरोबर चौपट. खेळातील हालचाल सुरळीत दिसण्यासाठी असे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे सेकंदास सुमारे ४९ कोटी ७६ लक्ष बिंदू. या दोहोंच्या मध्ये २५६० गुणिले १४४० चा एक पडदा आहे. त्यात ३६,८६,४०० बिंदू असतात, आणि त्याचा भार ४के च्या निम्म्याहूनही कमी असतो.

तेव्हा पहिला प्रश्न पडद्याचा असला पाहिजे. कापड कोणते विणावयाचे हे ठरल्यावाचून कोणी माग घेत नाही. निरोगी डोळ्यास साठ सेंटिमीटरवरून सुमारे ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा भेद कळतो. सत्तावीस इंची ४के पडद्याचा बिंदू सुमारे ०.१६ मिलिमीटरचा, म्हणजे दृष्टीच्या सीमेच्याही आतला असतो. त्याच आकाराच्या १४४० च्या पडद्याचा बिंदू ०.२३ मिलिमीटरचा, तर फुल एचडीचा ०.३१ मिलिमीटरचा असतो. फुल एचडीचा खरखरीतपणा या आकारावर सहज जाणवतो. १४४० आणि ४के यांतील अंतर मात्र धावपळीच्या खेळात तितकेसे जाणवत नाही. मर्यादित पैशात मधला पडदा घेणाऱ्याने फारसे काही गमावलेले नसते.

दुसरा प्रश्न कार्डाचा. पडदा जितका सूक्ष्म तितका भार कार्डावर पडतो. सीपीयूचे काम बिंदूंच्या संख्येने फारसे वाढत नाही. म्हणून ४के साठी सर्वांत महाग सीपीयू आणि साधारण कार्ड अशी जोडी म्हणजे बैलगाडीला उत्तम चाके आणि अशक्त बैल. पैशाचा मोठा वाटा कार्डावर खर्च करावा, सीपीयू मध्यम पण चांगला घ्यावा. कार्डाची स्वतःची स्मृतीही पाहावी. ४के पडद्यावर अलीकडच्या अनेक खेळांना आठ जीबी अपुरी पडते. सोळा असल्यास पुढील काही वर्षे चिंता राहत नाही. ज्यांच्या घरी जुने यंत्र आहे, त्यांनी नवे घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. खेळातील चित्राची सूक्ष्मता कमी करून पाहावी. गती पुष्कळ वाढली, तर कार्ड थकलेले आहे; जेमतेम वाढली, तर सीपीयू अडवीत आहे. जो भाग अडवितो तोच बदलावा.

स्पेक्ट्रमच्या काळची काटकसर आजही निराळ्या रूपाने जिवंत आहे. २०१८ पासून अशा पद्धती प्रचारात आल्या, की ज्यांत यंत्र २५६० गुणिले १४४० चेच चित्र काढते आणि गणिताने उरलेले बिंदू भरून ते ४के इतके मोठे करते. शुद्धतावाद्यांना हे कृत्रिम वाटते. परंतु उचलायचे धागे कमी करून नक्षी तीच दिसत असेल, तर कुशल विणकर त्याला फसवणूक म्हणणार नाही. मात्र पद्धतीगणिक फळ कमीअधिक मिळते, म्हणून आपल्या आवडीचा खेळ प्रत्यक्ष चालवून पाहावा.

तिसरी बाब दुर्लक्षिली जाते ती विजेची आणि उष्णतेची. २०२२ साली आलेले ‘आरटीएक्स ४०९०’ हे कार्ड एकटे ४५० वॉट घेऊ शकते. २०२५ च्या ‘आरटीएक्स ५०९०’ ची मर्यादा ५७५ वॉटची आहे. घरातील जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, म्हणजे एका कार्डात सहा पंखे फिरले. ती सारी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते. तापीकाठच्या उन्हाळ्यात, लहान खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, याचा विचार न करणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून वीजपुरवठ्याचा डबा नामांकित व पुरेशा क्षमतेचा असावा, खोक्यात हवा खेळती असावी, आणि जोडणी भूसंपर्क असलेल्या खुंटीवरच असावी. मागांच्या शेजारी राहणाऱ्यांस तर धूळ व तंतू यांची गोष्ट सांगावयास नको. खोक्याच्या जाळ्या काही आठवड्यांनी साफ न केल्यास उत्तम यंत्रही गुदमरते.

शेवटी दोन क्षुल्लक वाटणाऱ्या चुका. पडद्याची तार कार्डाला जोडण्याऐवजी मुख्य पाटाला जोडली, तर लाखाचे कार्ड निरुपयोगी होऊन पडते. तसेच सेकंदाला १२० वेळा बदलणारा ४के पडदा घेतला आणि तार जुन्या प्रकारची वापरली, तर तो साठावरच अडकतो. हे दोन्ही दोष सहज दूर होण्यासारखे आहेत, पण त्यापायी यंत्र परत करावयास निघालेले ग्राहकही असतात.

राहता राहिला घरातल्या वादाचा मुद्दा. १९८३ साली इंग्लंडमधील बोनास कंपनीने जाकारच्या मागाला विजेची आज्ञा मानावयास लावले, आणि पुठ्ठ्याच्या कार्डांची जागा संगणकाने घेतली. सुरतेच्या परिसरात आज असे माग चालतात. त्यांची नक्षी संगणकाच्या पडद्यावर, बिंदू बिंदू मांडून, तयार होते. त्या कामास खेळाइतके बलवान कार्ड लागत नाही. परंतु खेळासाठी घेतलेल्या यंत्रावर ते शिकता मात्र येते. आजोबांनी कार्डे लावून विणलेली नक्षी नातवाने पडद्यावर रेखाटावी, यात विसंगत असे काहीच नाही. मागापासून निघालेली विद्या दोनशे वर्षांचा फेरा घालून मागाकडेच परतली आहे. मुलास यंत्र घेऊन देणाऱ्या पालकाने खेळाची वेळ ठरवून द्यावी, आणि तिच्या शेजारीच या कामासाठीही एक तास राखून ठेवावा. मग घरातील पैसा हौसेवर उधळला की विद्येवर लावला, हा वाद पुष्कळसा आपोआप मिटेल.